बत्तीस शिक्षकांचे मत

नाव : प्रणाली शालिकराम भुयार. जन्मगाव चांदूर बाजार तालुक्यात, हल्ली मुक्काम अमरावती. शिक्षण एम.ए., एम.एड., सेट उत्तीर्ण. व्यवसाय सहायक शिक्षिका. शाळा अंशतः अनुदानित, सबब वेतनही अंशतः. शरीरावरील ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. सदर अर्जदार शिक्षणशास्त्रातील पूर्णवेळ पीएच.डी. पाठ्यवृत्तीसाठी इच्छुक असून तिने यापूर्वी कोणत्याही संशोधनात कोणत्याही प्रकारे भाग घेतलेला नाही.

शेवटचं वाक्य प्रणालीबाईंनी अर्जाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं आणि लगेच उठून गच्चीवर चकरा मारायला गेल्या.

तशा त्या बसून फारशा कोणाला दिसत नाहीत. चहा उभ्याने घेतात. परीक्षेच्या वर्गात त्यांचं पर्यवेक्षण असलं की पोरं वैतागतात, कारण बाई खुर्चीला पाठ टेकत नाहीत आणि कॉपी करायला माणसाला थोडी तरी स्थिरता लागते. अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटी मूर्तिजापूरला थांबली की बाई खाली उतरतात. काही घेत नाहीत. नुसत्या उभ्या राहतात आणि कंडक्टरने घंटी दिली की चढतात.

आता त्या वाक्याबद्दल. प्रणालीबाईंच्या शाळेत दरवर्षी, साधारण स्नेहसंमेलनाच्या आसपास, कोणी ना कोणी संशोधक येतो. त्याच्या हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा असतो आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याचा भाव. मुख्याध्यापक त्याला चहा पाजतात, संशोधनाची देशाला किती गरज आहे ते सांगतात आणि हाक मारतात, "भुयार मॅडम, हे जरा बघता का? तुमचं अक्षर चांगलं आहे."

पहिल्या वर्षी बाईंनी प्रश्नावल्या खरोखरच वाटल्या होत्या. त्यातल्या निम्म्या परत आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांच्यावर चिवड्याचं तेल होतं. एका सरांनी सर्व विधानांना "सहमत" म्हटलं होतं. त्यात "मला माझा व्यवसाय आवडतो" हेही होतं आणि "मला हा व्यवसाय सोडावासा वाटतो" हेही. संशोधक रडकुंडीला आला. बाईंनी कोरा गठ्ठा मागितला, एका मोकळ्या तासात बसल्या, आणि बत्तीस शिक्षकांचं मत तयार झालं.

हे काम त्यांनी कधी बेजबाबदारपणे केलं नाही. वेगवेगळी पेनं वापरली. खेळाच्या सरांच्या वाट्याला थोडा राग दिला, ग्रंथपालांच्या वाट्याला थोडं समाधान. सगळेच एका सुरात बोलले तर निष्कर्ष निघत नाही, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी कळलं होतं. प्रत्येक प्रश्नावलीवर छापलेलं असे, की आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल. ती ठेवली गेली. ज्याची माहिती, त्यालाही ती कळली नाही.

अशी वर्षं गेली. संशोधक डॉक्टर झाले, पेढे घेऊन आले. बाईंना मात्र भरता भरता एक खोड लागली : ह्यापेक्षा बरे प्रश्न आपल्याला सुचतात. एका शिक्षण न्यासाच्या पाठ्यवृत्तीची जाहिरात त्यांनी तीनदा वाचली. तीन वर्षं पूर्ण वेळ अभ्यास, घर चालेल इतके पैसे, शाळेतून बिनपगारी रजा, मुलाखत अकोल्याला. अट एकच जाचक होती : अर्ज करताना वयाची पस्तिशी ओलांडलेली नसावी. बाई यंदा काठावर होत्या. यंदा नाही तर नाही.

मार्गदर्शक म्हणून अकोल्याच्या डॉ. अनुपमा वैद्य मिळाल्या. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर. त्यांनी विषयही दिला : ज्येष्ठ शिक्षकांमधील उत्साहाचा ऱ्हास. ह्या ऱ्हासाचा शोध वैद्य मॅडमनी स्वतःच्या प्रबंधात लावला होता आणि त्याचा पुढचा भाग कोणीतरी करावा अशी त्यांची इच्छा होती. प्रबंधाची प्रत देऊन म्हणाल्या, "आधी हा नीट वाचा. मुलाखतीत पहिला प्रश्न ह्यावरच येतो."

त्याच आठवड्यात शाळेतले सगळ्यात जुने शिक्षक खुशालराव प्रशिक्षणाहून परतले. प्रशिक्षणाचं नाव 'ज्येष्ठ शिक्षक प्रेरणा अभियान'.

"तीन दिवस बसोलं आमाले," ते शिक्षक खोलीत सगळ्यांना सांगत होते. "फुगे फुगवाले लावले, राजेहो. म्हने, हा फुगा म्हंजे तुमचा उत्साह."

"मग सर?" कोणीतरी विचारलं.

"मग काय? माहा फुटला."

खोली हसली. खुशालराव हसले नाहीत. "म्या पुसलं त्याले, काहून बलावलं बा आमाले? तर म्हने संशोधन झालं हाय. पन्नाशीच्या वरच्या मास्तरायले उत्साह नसते. कोन केलं हे संशोधन? मले तं कोनी इचारलं नाही."

प्रणालीबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी प्रशिक्षणाची पुस्तिका मागून घेतली. मागच्या पानावर संदर्भ होता : वैद्य, अनुपमा. त्यांनी पिशवीतून प्रबंध काढला आणि ज्या तक्त्यावर ते अभियान उभं होतं तो उघडला. तरुण शिक्षक : पूर्णतः सहमत. मधल्या वयाचे : सहमत. पन्नाशीपुढचे : सांगता येत नाही, सांगता येत नाही, सांगता येत नाही.

बाईंना तो दिवस लख्ख आठवला. त्या वर्षी गठ्ठा टपालाने आला होता, संशोधकाचं तोंडही कोणी पाहिलं नव्हतं. शिक्षकांची यादी त्या खालून वर भरत. नवे आधी, जुने शेवटी. जुन्यांपर्यंत पोचेस्तोवर घंटा झाली होती आणि आठवी 'ब' कॉरिडॉरमध्ये भांडत होती. म्हणून उरलेल्या सगळ्यांना त्यांनी मधल्या रकान्यात एकापाठोपाठ खुणा करून टाकल्या. संशोधनाच्या भाषेत ह्याला प्रवृत्ती म्हणतात.

पुढचे काही दिवस बाईंनी घरात, शाळेत आणि मधल्या रस्त्यात जेवढ्या चकरा मारल्या तेवढ्यात अकोला आलं असतं. शेवटी त्यांनी खुशालरावांना सायकल स्टँडपाशी गाठलं.

"सर, तुमचं ते मी भरलं होतं."

"काय भरलं होतं?"

"उत्साह नाही म्हणून."

खुशालरावांना समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजे त्या फुग्यात हवा त्वा भरली?"

"तास होता सर. घंटा झाली."

"घंटा झाली म्हनून माह्यातला उत्साह गेला! वा वं बाई. पेन्शन तं शाबूत ठेवली ना माही?"

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी जुनी प्रश्नावली काढली. "आता खरं सांगा. मी तेच लिहीन. नवीन अध्यापन पद्धती वापरताना मला आनंद होतो."

खुशालरावांनी सायकलीचं सीट हाताने पुसलं. "खरं सांगू?"

"हाव."

"सांगता येत नाही."

"असं नका ना करू सर."

"अवं, तूच तं इचारून राहिली! कधी होते, कधी नाही होत. पोट्ट्यायवर हाय ते."

बाकीच्यांनाही बाईंनी एकेक करून विचारलं. कोणी म्हणालं, उद्या. कोणी म्हणालं, हे कशाला पाहिजे आता? ग्रंथपाल तर प्रेमाने म्हणाल्या, "तूच भरजो वं माय. आमच्यापेक्षा तुलेच आमचं जास्त समजते."

तिथे बाईंना आपला विषय सापडला. शिक्षक काय म्हणतात हा नाही. शिक्षकांच्या नावाने कोण म्हणतं, हा. त्यांनी शीर्षक खोडलं, नवं लिहिलं आणि ते घेऊन अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरला उतरल्या त्या थेट दुसऱ्या बसमध्ये चढल्या, कारण पहिली निघायला वेळ होता.

वैद्य मॅडमनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलल्या. "सगळ्या?"

"तुमच्यात आमच्या शाळेच्या बत्तीस होत्या. बत्तीसही."

"आणि इतर शाळांमधल्या?"

"त्या मी नाही भरल्या," बाई म्हणाल्या, आणि मग दोघींच्याही डोक्यात एकच विचार आला : तिथेही कोणाचं तरी अक्षर चांगलं असणार.

वैद्य मॅडम उठल्या, पंखा बंद केला, पुन्हा लावला. "मला सहा वर्षं लागली त्या प्रबंधाला. सासूबाई अंथरुणावर होत्या." मग म्हणाल्या, "मुलाखतीत माझं नाव घ्याल?"

"नाही."

"मग कोण विश्वास ठेवेल तुमच्यावर?"

बाईंनी कागद पुढे सरकवला. मॅडमनी नवं शीर्षक दोनदा वाचलं. बाईंना वाटलं, आता कागद परत येणार. मॅडमनी त्याच्याखाली सही केली. "विषय चांगला आहे. म्हणूनच मिळणार नाही. जुनं शीर्षकही जवळ ठेवा. त्यावर माझी सही आहेच. आत गेल्यावर कोणतं काढायचं ते तुम्ही ठरवा."

मुलाखतीच्या दिवशी प्रणालीबाईंच्या पिशवीत दोन शीर्षकं होती. बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. बाई भिंतीशी उभ्या राहिल्या. आत तीन तज्ज्ञ होते. मधल्यांनी बसायला सांगितलं, म्हणून बसल्या. ज्येष्ठ शिक्षकांच्या उत्साहाबद्दल आधीचं संशोधन काय सांगतं, असा पहिला प्रश्न आला. पाठ केलेलं उत्तर तोंडाशी होतं. एका वाक्यात तीन वर्षं मिळत होती.

"ते संशोधन मी भरलंय," बाई म्हणाल्या, आणि नवं शीर्षक पुढे ठेवलं.

मग त्यांनी मॅडमचं नाव तेवढं सोडून सगळं सांगितलं, खुशालरावांच्या फुग्यासकट. डावीकडचे तज्ज्ञ हसले. उजवीकडचे पाणी प्यायले. मधल्यांनी विचारलं, "कोणत्या प्रबंधात हे झालं?"

"ते सांगणार नाही."

"मग पुरावा काय?"

"मीच."

"मॅडम, तुम्ही पुरावा नाही. तुम्ही फार तर नमुना आहात. आणि एका नमुन्यावर निष्कर्ष निघत नाही."

"बत्तीस नमुने आहे मी, सर," बाई म्हणाल्या. डावीकडचे पुन्हा हसले. मुलाखत संपली.

न्यासाचं पत्र महिनाभराने आलं. त्यात म्हटलं होतं : "अर्जदाराची संशोधनविषयक प्रामाणिकता निवड समितीस उल्लेखनीय वाटली. तथापि प्रस्तावातील मूलभूत विधानास लिखित आधार नसल्याने तूर्त पाठ्यवृत्ती मंजूर करता येत नाही. योग्य त्या आधारासह पुढील वर्षी पुनश्च अर्ज करण्यास अर्जदारास विशेष प्रोत्साहन देण्यात येत आहे."

पुढील वर्षी प्रणालीबाई वयात बसत नाहीत.