रिकामी वाटी पाठवू नये

फेब्रुवारी १९४४, शनिवार. पहाटे कडक थंडी, न्याहारीच्या सुमारास ऊन चांगले तापले. वारा नाही.

आधी चहा घ्या, मग हसा. साखर जरा कमी वाटेल, पण किस्सा तिचाच आहे. यात शहाणपणा शिकवणाराही मी आणि तोंडावर आपटणाराही मीच, तेव्हा दुसऱ्या कोणाला नावे ठेवायची सोय नाही.

नगरला आमच्या शेजारच्या बंगलीत विलायतेहून एक नर्सबाई राहायला आल्या. नाव डोरोथी. आमच्या आळीने दोन दिवसांत त्यांची दुरपतबाई करून टाकली आणि त्याही त्या नावाला 'ओ' देऊ लागल्या. मोठ्या गुणी बाई! बूट दाराबाहेर काढायच्या, उजव्या हातानेच द्यायच्या-घ्यायच्या. मांडी घालून बसायलाही शिकल्या. बसायच्या एकट्या, उठवायला मात्र दोघीजणी लागायच्या.

मी त्यांना संध्याकाळी मराठी शिकवीत असे. एकदा म्हणाल्या, "मास्तर, भाषा पुस्तकात आहे. चालीरीती पुस्तकात नाहीत. त्या आपण मला सांगाव्यात."

मी स्वतः दौंडच्या पलीकडे गेलेला नाही. पण असे कोणी विचारले की छाती फुगते की नाही?

त्याच आठवड्यात आमच्या घरून त्यांना वाटीभर शेवयांची खीर गेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. लख्ख घासलेली, तोंड दिसेल अशी. आणि रिकामी!

माझी बायको सगुणा काष्टी गावची. तिने वाटीत असे पाहिले की जणू आत विंचू बसला आहे.

"अवो, रिकामी! आमी काय वाटी घासायला पाठवली हुती व्हय?"

"अगं, त्यांना ठाऊक नाही. परक्या मुलखातल्या आहेत."

"मग तुमी काय शिकिवता त्यास्नी? निस्तं 'हा आंबा, ही चिंच'?"

हे मला लागले. संध्याकाळी मी बाईंना पाठ दिला. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये. रिकामे भांडे म्हणजे 'तुमचे घरही असेच रिकामे राहो' म्हटल्यासारखे.

बाई लालबुंद झाल्या. "अरे देवा! सगुणाबाईंना मी असे म्हणाले?"

त्यांनी आमची वाटी पुन्हा मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी तीतून वाटीभर केक आला. मनुका घातलेला, अंड्याचा, मऊ लुसलुशीत. वर झाकण म्हणून त्यांची निळ्या फुलांची चिनी बशी. केकाचा समाचार मी घेतला. सगुणा बशीकडे बघत बसली.

"आता ही बशी रिकामी कशी धाडू?"

बशीतून शंकरपाळे गेले. वर झाकायला आमची वाटी. मग वाटी परत आली ती केकाने भरून, वर झाकायला बशी. बशीतून रव्याचे लाडू गेले, वर झाकायला वाटी! आले ना ध्यानात? दोन घरांच्या मधे रहाटगाडगे सुरू झाले. एक पोहरा रिता होतो तोवर दुसरा भरून वर!

"अगं, चार दाणे टाकून दे," मी एकदा म्हणालो.

"केकाच्या बदल्यात चार दाणे? काष्टीचं नाव घालवू व्हय?"

मग मी गप्प बसलो. का म्हणून काय विचारता? केक मऊ होता हो!

आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. साखर रेशनवर. आमच्या लेकीचा, रत्नाचा साखरपुडा शनिवारी, म्हणजे आजच, आणि सोयरिक शेवगावच्या तालेवार घरी. पाहुण्यांना वाटायला सगुणाने महिनोन् महिने पोटाला चिमटा काढून एक डबा साखर साठवली होती. आज सकाळी तिने तो डबा माळ्यावरून काढला, झाकण उघडले आणि मटकन खाली बसली. आत डब्याचा तळ चकाकत होता.

"लाडवाला जरा जरा काढत गेले... अवो, साखरपुड्याला साखर न्हाई! शेवगावकर काय म्हनतील? पोरीचं नशीब लाडवात घातलं मी!"

"रडू नकोस. काहीतरी करू."

"करू न्हाई, करा! केक कुनी खाल्ला? ही घ्या वाटी. दुरपतबाईकडं असंल साखर. मागून आना. आन् लाजू नका."

निघालो. बाई दारातच उभ्या होत्या. माझ्या हातात वाटी पाहून हसल्या, आत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर... रिकामी?"

"बाई, त्याचं असं आहे..."

"कालचा केक करपला होता. मला ठाऊक आहे. म्हणून सगुणाबाई रागावल्या?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "मी चहात साखर घालत नाही, मास्तर. रेशनची सगळी साखर केकासाठी ठेवते. आजची सुद्धा ठेवली आहे. पाहा!"

फळीवर काचेची बरणी होती. गळ्यापर्यंत साखर!

आता सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर मागितली असती? मला आधी बाईंचे डोळे पुसायचे होते. म्हणालो, "बाई, तसे मुळीच नाही. भांडे भरूनच द्यावे असा नियम नाही. चिमूटभर साखर टाकली तरी रीत पुरी होते."

"चिमूटभर?" त्यांनी दोन बोटे जुळवून दाखवली. "एवढीच?"

"एवढीच."

"मग हे आपण आधी का सांगितले नाही?"

म्हणत बाई खळखळून हसल्या. लगेच चहा टाकला. बरणी उघडून तीन चमचे स्वतःच्या कपात घातले, तीन माझ्या कपात. मी एकेक चमचा नुसता बघत होतो. चहा गोड होता. फारच गोड होता.

मग बाईंनी आमची वाटी घेतली. दोन बोटांच्या चिमटीत साखर धरली, वाटीत सोडली आणि उजव्या हाताने माझ्यापुढे केली.

"आता बरोबर?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? धडा माझाच होता!

सगुणा उंबऱ्यात वाट पाहत होती. "आनली?"

मी वाटी पुढे केली. तिने वाटीत पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"ही काय मुंग्यास्नी आनली?"

दुपारी शेवगावची मंडळी आली. पाहुण्यांना गूळ वाटला. ती चिमूट नवऱ्या मुलाच्या तोंडात घातली. साखरपुडा झाला. बाईंची बशी अजून आमच्याकडेच आहे.