सोहोनीबाईंची एकच अट

एका पिक्चरवर चाळीस दिवस काम करा, पुढची तीस वर्षं किस्से पुरतात. त्या युनिटमधले आम्ही तिघं-चौघं अजून अंबरनाथला भेटतो, आणि चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अरे सुरेश, तो वस्तऱ्याचा सांग ना!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. हसा बाबांनो! माझं मात्र अजून टाळकं सरकतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर, आणि ड्यूटी सुटली की हौशी नाटकं. मुंबईच्या एका दिग्दर्शकाला एका जुन्या गाजलेल्या कादंबरीवर पिक्चर काढायचा होता. त्याला सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. शंभर वर्षांपूर्वीचं घर, प्रेम, खून, रहस्य, सगळं होतं त्या पुस्तकात. आमच्या लहानपणी वाचनालयात त्याला नंबर लावावा लागायचा. नाव सांगत नाही, त्या नावाची व्हायची तेवढी माती आम्ही केली आहे. ते लिहिणाऱ्या सोहोनीबाई बदलापूरला राहायच्या, आणि शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं. एवढ्या एका क्वालिफिकेशनवर मी असिस्टंट डायरेक्टर झालो!

*

परवानगी मागायला सरांना घेऊन मीच बाईंकडे गेलो.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. घरात एक तरणी विधवा सून. त्या काळच्या रीतीप्रमाणे डोक्याचा गोटा केलेला, अंगावर लाल आलवण, राहायला माडीवरची खोली. एक दिवस सासरा विहिरीत मेलेला सापडतो. घराची झडती होते, आणि हिच्या चटईखाली सापडते फणी! डोक्यावर केस नाहीत त्या बाईला फणी कशाला? तर ती आलवणाखाली चोरून केस वाढवत असते, कारण गावात आलेला नवा मास्तर तिच्याशी लग्न करणार असतो. खुनाचा उलगडा तिथून सुरू होतो आणि प्रेमही तिथंच कळतं. आठवीत मी ते पान वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

बाई म्हणाल्या, "गाणी घाला, नाच घाला, खुनी बदला हवं तर. माझी एकच अट. तिचं केशवपन पडद्यावर दिसलं पाहिजे. सगळ्यांच्या देखत."

"अर्थात!" सर म्हणाले.

"माझी आत्या विधवा होऊन माहेरी आली होती. दर पंधरवड्याला न्हावी यायचा. मी नऊ वर्षांची. मला आत कोंडायचे, तर मी दाराच्या फटीतून बघायचे. पुस्तकातलं बाकीचं सगळं मी रचलंय. तेवढं रचलेलं नाही."

"बाई, तोच तर फिल्मचा आत्मा आहे!" सरांनी छातीवर हात ठेवला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सुरेश, लिहून घेऊ का रे यांच्याकडून?"

"बाई, मी आहे ना!" मी म्हणालो. काय तो आव माझा! आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

*

पैसा लावणारे गोपीशेठ. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्यांचा फर्निचरचा धंदा. माडीचा सेट त्यांच्याच रिकाम्या शेडमध्ये लावला होता. पहिल्या दिवशी मी आत गेलो आणि बघतच राहिलो. शंभर वर्षांपूर्वीचं घर, आणि बैठकीत रेक्झिनचा सोफा!

आर्ट डायरेक्टर म्हणाला, "वर चादर टाकू."

"चादर टाकून काय होणार? खाली सोफाच आहे ना!"

भांडण ऐकून गोपीशेठ आले. "क्या चाहिए तुमको? पुराना चाहिए? तो पहले बोलो ना, साईं! लोग घर का पुराना माल देके मेरे से नया लेके जाते हैं. पीछे गोडाउन भरा पडा है!"

गोडाऊन उघडलं तर आत शिसवी पलंग, पितळी कड्यांचे झोपाळे, नक्षीचे देव्हारे, सगळं धूळ खात पडलेलं. सर ते बघायला आलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "माझ्या डोक्यातला पीरियड वेगळा आहे."

*

पाणवठ्याचा सीन बदलापूर गावात होता. मी गावातल्या दहा-बारा आगरी बायका ठरवल्या. वालाच्या शेंगांची तोडणी सोडून आल्या बिचाऱ्या, रोजच्या नेसणीच्या नऊवारीत. यापेक्षा अस्सल काय पाहिजे?

कॉस्च्युमची पोरगी मुंबईची. ती हातात पिना घेऊन त्यांना नऊवारी कशी नेसायची ते शिकवायला लागली! त्यांतली एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तू जन्मली नव्हतीस तवापासून नेसतंय मी. आता तू मना शिकवतंस काय गो?"

सर लांबून ओरडले, "या नकोत! ऑथेंटिक वाटत नाहीत!"

बायकांना परत पाठवलं. का, ते त्यांना सांगायला मला पुढे केलं. त्यांच्या जागी कॉलेजच्या पोरी आणल्या, शिवलेल्या नऊवारीत. पहिल्याच शॉटला एक पोरगी घागर भरायला वाकली आणि कंबरेवरची चेन कॅमेऱ्यात चमकली.

"कट! पीरियड फिल्ममध्ये झिप?" सर माझ्यावरच खेकसले.

म्हातारी गेली नव्हती, बांधावर बसून मजा बघत होती. म्हणाली, "दादा, तिला पिना लाव!"

*

आता हिरॉइन. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. कंबरेखाली केस, आणि एका केशतेलाच्या जाहिरातीचा करार केलेला. केस कापणं सोडा, त्यांना हात लावायचीही बंदी. हे तिने सही करतानाच सरांना सांगितलं होतं! बाईंच्या घरी छातीवर हात ठेवला, तेव्हा सरांना हे माहीत होतं. हे मला कळलं शूटिंगच्या बाराव्या दिवशी.

मग रबराची टोपी आली. एवढ्या केसांवर ती चढवली तर डोकं झालं दुधी भोपळ्याएवढं. लाइटवाला बाजूला येऊन मला हळूच विचारतो, "दादा, इसमें हवा कितनी भरी है?"

मॅडम आरशात बघून रडायला लागली. तिचा राग नाही मला, तिने फसवलं नव्हतं. सर मात्र खुर्चीत डोळे मिटून बसले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "केस राहू देत. आपण सिम्बॉलिक करू."

म्हणजे काय? तर जमिनीवर मोगऱ्याचा गजरा पडणार, स्लो मोशनमध्ये. झालं केशवपन!

मी म्हणालो, "सर, बाईंना शब्द दिलाय."

"सुरेश, तू फिटर आहेस ना? मग नट-बोल्ट बघ."

त्या क्षणी मी निघून जायला पाहिजे होतं. नाही गेलो. पडद्यावर नाव येणार होतं ना माझं!

*

फणीचा सीन लागला. मॅडम लांबसडक वेणी घालून उभी, हवालदार चटई उचलतो, खाली फणी. सगळे नट दचकतात. "ओके!" सर खूश.

गोपीशेठ मागे बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "सुरेशभाई, एक बात बताओ. इतने लंबे बाल हैं, तो कंघी तो निकलेगी ना? इसमें सब लोग चौंकता क्यूँ है?"

मी त्यांना मूळ गोष्ट सांगितली. शेठ खुर्चीवरून उठले. थेट सरांकडे गेले. "ये तो बहोत बडी बात है! ये क्यूँ निकाला?"

सर हसले. "शेठजी, इट्स ऑल अबाउट मूड."

शेठ तोंडातल्या तोंडात सिंधीत काहीतरी म्हणाले. अर्थ नाही कळला, पण शिवी होती आणि मला बरं वाटलं.

*

शेठ अडून बसले म्हणून सरांनी केशवपनाचा एक शॉट घ्यायचं कबूल केलं. मी धावत बदलापूर गावात गेलो आणि बाळूदादांना घेऊन आलो. सत्तरीचे न्हावी, हात असा की दाढी झाली तरी कळायचं नाही. त्यांनी वडिलांचा वस्तरा घासून आणला, पितळेची वाटी आणली, स्वच्छ धोतर नेसले.

सेटवर मॅडम केस मोकळे सोडून पाटावर बसलेली. सर म्हणाले, "आजोबा, वस्तरा नुसता धरायचा. केसांपासून एक फूट लांब. हलवायचा नाही."

"मग मी करायचं काय?"

"फक्त उभं राहायचं. चेहऱ्यावर दुःख."

बाळूदादांनी वस्तरा मिटला आणि शेजारी उभ्या असलेल्या हिरोकडे बोट दाखवलं. "मग यांनाच द्या की! हे रोज तेच करतात!"

अख्खं युनिट हसलं. हिरो रुसून व्हॅनमध्ये जाऊन बसला. तो शॉट झालाच नाही, परत कधी लागलाही नाही. लोक 'वस्तऱ्याचा सांग' म्हणतात तो हा किस्सा. इथपर्यंत सांगितला की टाळ्या पडतात आणि मी थांबतो. पुढचं सहसा सांगत नाही.

*

शूटिंग संपल्यावर महिन्याभराने बदलापूरच्या बाजारात बाई दिसल्या. भाजी घेत होत्या. मी सरळ वळून दुसरी गल्ली धरली. मागून हाक आली, "अरे सुरेश! झालं का शूटिंग?"

"झालं बाई! मस्त झालं."

"आणि आत्या?"

मी म्हणालो, "आहे ना, बाई."

आहे ना! लाज कशी वाटली नाही मला? बाईंचा चेहरा असा उजळला, की त्यांनी पिशवीतले दोन पेरू काढून माझ्या हातावर ठेवले. घरी येईपर्यंत मी ते तसेच धरून होतो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी तिच्यावरच डाफरलो. पेरू मुलांनी खाल्ले.

*

पिक्चर शुक्रवारी लागला. रविवारी उल्हासनगरच्या थिएटरात दुपारच्या खेळाआधी बाईंचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर, हॉल फुल्ल. मी दारात उभा होतो. डोअरकीपर मला म्हणाला, "वो बुढी मॅडम आनेवाली हैं ना? परसों आके देखके गयी, टिकट निकालके. अकेली."

मी तसाच बाहेर रस्त्यावर आलो.

तेवढ्यात बाई रिक्षातून उतरल्या. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर घट्ट लपेटलेला. मी पुढे झालो. "बाई, मला तुम्हाला सांगायचं होतं..."

"नंतर," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

स्टेजवर सरांनी माइक घेतला. वीस मिनिटं बोलले. "आम्ही तडजोड केली नाही! कादंबरीचा आत्मा आम्ही प्राणापलीकडे जपला!" टाळ्या पडल्या. मग शाल उलगडून ते बाईंकडे वळले. "बाई, दोन शब्द."

बाई उठल्या. माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला.

पूर्ण डोकं भादरलेलं. त्याच सकाळचं असावं, कानामागे वस्तरा लागला होता तिथं रक्त अजून ओलं होतं. समोर नऊशे माणसं बघत होती. गोपीशेठ आपल्या जागेवर उठून उभे राहिले.

बाई सरांना म्हणाल्या, "हा सीन राहिला होता तुमचा."

सरांच्या हातात शाल तशीच. बाई पदर न घेता पायऱ्या उतरल्या, पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हं, लावा आता पिक्चर."