तहकूब सभा

आमच्या गावात पहिल्या ग्रामसभेला कोणी जात नाही. माणसं कमी भरली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला माणसांची अट नसते, हे सगळ्यांना पाठ आहे. काल मीही पंचायतीसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो.

ओढ्यापलीकडच्या बायका पूल मागायला आल्या होत्या. नकाशात ओढा गावाच्या मधोमध आहे, तरी आम्ही त्यांना पलीकडच्याच म्हणतो. थोड्याच वेळात त्या बाहेर आल्या.

"माणसं भरली नाहीत म्हणे," त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. टपरीवरच्या आम्हा सगळ्यांवरून तिची नजर सावकाश फिरली. "पुन्हा येऊ."

मी चहाच्या पेल्यात बघत राहिलो. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. पंचायत आणि टपरी यांच्यामध्ये नुसता रस्ता आहे, आणि तो कोरडा होता.