नवसाचा पहिला रोडगा

गहू माझ्या जिवावर उठलेला आहे. पोळीचा घास पोटात गेला की घसा सुजतो, श्वास अडकतो. आमच्या पिंपळगाव राजात हे कुणाला पटत नव्हतं. आत्या तर याला सरळ नखरे म्हणायची.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गव्हाचाच उपचार सुरू केला. उकडलेल्या कणकेची चिमूट रोज खायची, मग पडून राहायचं, आणि मात्रा वाढवायची ती फक्त दवाखान्यात. चुकून कण पोटात गेला तर मरू नये, एवढाच हेतू. तरी काही झालंच तर मांडीत टोचायचं इंजेक्शन आईच्या पिशवीत असायचं.

चिमटीची मात्रा पोळीच्या तुकड्याएवढी झाली आणि आत्यानं जाहीर केलं, पोरगी बरी झाली. नखरे म्हणता म्हणता तिनं मारुतीला कणकेच्या रोडग्यांचा नवसही बोलला होता. गव्हाच्या रोगाला गव्हाचा नवस! इतकी अक्कल आमच्याच घरात निपजते. शेतात गोवऱ्यांचा जगरा पेटला, रोडगे भाजले, गाव जेवायला आलं. नवस जिच्यासाठी, पहिला रोडगा तिनंच खायचा, अशी आमच्याकडची रीत. मी नाही म्हटलं. आत्यानं तुपात बुडवलेला रोडगा सगळ्यांदेखत माझ्या तोंडाशी धरला.

"देवाले नाही म्हणतं का वं? खाय."

मी आईकडे पाहिलं. ती पंगतीत वरण वाढत होती. तिनं मानेनंच खा म्हणून खुणावलं आणि मी खाल्ला.

ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज गेला. बाभळीखाली पडून मी मांडीवर बुक्क्या मारत आईला सुईची खूण करत होते. तिनं पाहिलं आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. शेवटी वहिनीनं आईच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, कपड्यांवरूनच सुई टोचली आणि मला खामगावच्या दवाखान्यात नेलं.

उपचार पुन्हा पहिल्या चिमटीपासून सुरू झाला. आत्याचा निरोप आला, रोडगा पोटात टिकला नाही, म्हणजे नवस अजून बाकी आहे. तिचा मला रागही आला नाही. आईला मात्र मी विचारलं, तू उठली काऊन नाहीस?

"पंगत बसली होती ना वं," ती म्हणाली. "मंधातून कशी उठू?"

तिच्या आवाजात जराही अपराधीपणा नव्हता. आता मी चिमूट खाताना दार लावून घेते. इंजेक्शन माझ्याच उशाशी असतं, आईच्या हाती देत नाही.