जीजीचा आवाज

उज्ज्वलाला कुणी विचारलं, काय करतेस गं, तर ती ‘साड्यांना लेस लावते’ असं सांगायची नाही. ‘मी कंटेंट करते’ म्हणायची. कापडाच्या शहरातल्या डिंडोलीत दोन खोल्या, नवरा गजेंद्र पलीकडे बमरोलीला लूमवर, दारात साड्यांचे गठ्ठे, आणि बाई कंटेंट करते! शेजारणी पदराआड हसायच्या. पण उज्ज्वला भारी हट्टाची.

आधी तिने शेवभाजी करून दाखवली. मग कळण्याची भाकरी. आता ज्याच्या घरी ती होते तो खातो, बघत कशाला बसेल? मग एकच साडी पाच तऱ्हांनी नेसून झाली. मग आरशासमोर नाच झाला आणि गजेंद्रने अबोला धरला. मग लाइव्ह. तिथे तिची नाशिकची बहीण आणि एक अनोळखी गृहस्थ, तो शेवटपर्यंत नुसता ‘हाय’ म्हणत राहिला.

शेवटी घरातच सापडलं. सासूबाई धुरपदाबाई, सगळ्या गल्लीच्या जीजी, बोलायच्या अस्सल अहिराणी. नाशिकच्या उज्ज्वलाला लग्नानंतर वर्षभर त्यातलं निम्मं कळायचं नाही. एकदा लसूण सोलताना तिने जीजींसमोर मोबाईल धरला आणि विचारलं, “जीजी, आंडेर म्हणजे काय?”

“आंडेर म्हंजे आंडेर! तुन्हा मायना घर तू काय व्हतीस मंग?” जीजी कडाडल्या.

आंडेर म्हणजे लेक. लोक खूश झाले. रोज एक शब्द आणि वर जीजींची खरडपट्टी. शेजारच्या लिंबायतच्या बाजारात बायका जीजींना ओळखू लागल्या. जीजी वरवर चिडायच्या, पण शूटिंगला धुतलेलं लुगडं नेसून बसायच्या. सासू-सुनेचं एवढं गुळपीठ गजेंद्रने कधी पाहिलं नव्हतं.

पण लोकांचं काय, चार दिवस कौतुक. बघणारे आटायला लागले. नवीन काहीतरी हवं, हे उज्ज्वलाच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आणि त्याच सुमारास लिंबायतचे काशिनाथमामा, जीजींचे एकुलते भाऊ, गेले.

खान्देशी बाई मयताला मुकी रडत नाही. गळ्यात पडून, सूर धरून, मेलेल्या माणसाशी बोलत रडते. त्यात जीजींचा हात धरणारी कुणी नव्हती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाई म्हणतात. काशिनाथमामांचं घर हाकेच्या अंतरावर, तरी दर आखाजीला ते टोपी घालून रिक्षा घेऊन डिंडोलीला यायचे आणि सत्तरीच्या बहिणीला मुऱ्हाई होऊन न्यायचे. जीजींनी त्यांच्या पायांशी बसून तेच धरलं. “आते कोन येई मुऱ्हाई, वं माय!”

सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. उज्ज्वलाही रडत होती, खोटं कशाला बोला. पण रडता रडता तिने पदराआडून मोबाईल धरला. भाषेसाठी करतेय, असं मनाशी म्हणाली. मनाला समजवायला काय लागतं?

तेराव्यानंतर तिने तो तुकडा टाकला. चेहरा नव्हता दाखवला, नुसता आवाज आणि खाली अर्थ. आवाज इतरांना वापरू द्यायचा का, असं मोबाईलने विचारलं होतं. तिने हो केलं. तसं केलं की जास्त लोकांपर्यंत पोचतं, हे तिला ठाऊक होतं.

पोचलं, चांगलंच पोचलं! ज्यांना मुऱ्हाई म्हणजे काय याचा गंध नाही, अशा पोरांनी तो आवाज उचलला. रिक्षा येईना, लाव जीजींचा हंबरडा. पिझ्झावाला उशीर करतोय, लाव. एक मिशीवाला डोक्यावर ओढणी घेऊन त्यावर छाती बडवत होता. उज्ज्वलाने ते अर्ध्यातच बंद केलं. पण आकडा चढत होता, म्हणून तिने आणखी थोडे दिवस तसंच राहू दिलं. काढलं तेव्हा आवाज शंभर ठिकाणी गेलेला.

एकदा साड्या न्यायला आलेल्या मुलीच्या मोबाईलवर तो लागला. जीजींचे हात थांबले. मुलगी गेल्यावर त्यांनी विचारलं, “हाई मन्हा आवाज शे का वं?”

“छे हो जीजी! दुसरीच कुणी बाई आहे,” उज्ज्वला म्हणाली. जीजी “बरं” म्हणाल्या आणि गठ्ठा बांधायला लागल्या. त्या दिवसापासून उज्ज्वलाला घास गोड लागेना. सांगू, सांगू म्हणायची आणि भलतंच काहीतरी बोलायची. जीजींच्या नजरेला नजर देता येईना. शब्दाचं शूटिंगही तिने बंद केलं. जीजींनी कारण विचारलं नाही.

आखाजी आली. मामांचा मुलगा योगेंद्र आत्याला न्यायला रिक्षा घेऊन आला. लिंबायतच्या घरात, गेलेल्या माणसासाठी भरतात ती, मामांच्या नावाची घागर मांडली होती. पहिला सण, बायका जमलेल्या. भागीरथीमामी पुढे आल्या, जीजींच्या गळ्यात पडल्या, आणि जीजींनी सूर धरला.

“आते कोन येई मुऱ्हाई...”

दारात योगेंद्रची मुलगी पूजा उभी होती. कॉलेजात जाणारी, आजोबांची लाडकी. तिच्या तोंडून फिस्सकन हसू फुटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळे भीतीने मोठे झाले. पोरीला हसायचं नव्हतं. ते वाक्य ऐकलं की हसायचं, एवढं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

जीजींचा सूर जागच्या जागी तुटला. भागीरथीमामी वळल्या आणि पूजाच्या थोबाडीत ठेवून दिली. “आजा मरी गया अन् हासस काय वं?” त्यांनी पुन्हा हात उचलला.

उज्ज्वलाने तो हात धरला. “मामी, तिला मारू नका. मला मारा. जीजींचं रडणं मी चोरून मोबाईलवर घेतलं. मी लोकांना दिलं. त्याचा तमाशा झाला तो माझ्यामुळे. आणि जीजींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”

योगेंद्रचं तोंड लालबुंद झालं. मामी शिवी द्यायला तोंड उघडणार, तोच जीजी मध्ये आल्या.

“चोरीसन नही,” त्या म्हणाल्या. “मीच सांगेल व्हतं तिले. टाक, म्हनं. माले काय माहीत, लोक असा ऱ्हातस?”

सगळ्यांनी मान डोलावली. मोठ्या बाईने सांगितलं, सुनेने केलं, विषय मिटला. मामींनी पूजाला जवळ घेतलं. कुणीतरी उज्ज्वलाच्या पाठीवर हात ठेवून “जाऊ दे माय” म्हणालं. तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. ओरडून सांगावंसं वाटलं की त्या माझ्यासाठी खोटं बोलतायत. पण ते सांगायचं म्हणजे जीजींना भरल्या घरात खोटं पाडायचं.

तिने जीजींकडे पाहिलं. जीजी घागरीसमोर जाऊन बसल्या होत्या. बाकीच्या बायकांनी पुन्हा रडायला सुरुवात केली. जीजी मात्र ओठ घट्ट मिटून, एक शब्द न काढता, नुसत्या डोलत राहिल्या.