वाऱ्याच्या उलट चाललेलं मडकं

पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. निजामाच्या रिसाल्यात मी ट्रंपेटर होतो. हिवाळी कूच चालू असताना आमचा मुक्काम धारूरजवळच्या एका तलावावर पडला. सकाळी स्टेबल्स म्हणजे घोड्यांचा खरारा, मग त्यांना पाणी, मग परेड. थंडी बेताची, खाणं चांगलं. नोकरीतला माझा सगळ्यात सुखाचा मुक्काम तोच.

त्या तलावावर एक पांढरा पक्षी एकटाच आला होता. बगळ्याहून कितीतरी मोठा, चोचीखाली कातड्याची झोळी. गावातल्या म्हाताऱ्यांनीही असला पक्षी कधी पाहिला नव्हता. झोळीमुळे आम्ही त्याला गोसावी म्हणू लागलो. रिसालदार साहेबांनी फॉल-इनवर जाहीर केलं, "जो इसे जिंदा पकडेगा, उसे संक्रांत की छुट्टी."

माझा दोस्त सवार धोंडिबा हा तेलगावकडचा भोई. घरी आई एकटी, त्यामुळे सुट्टीवर त्याचा डोळा होता. भोयांच्या रीतीनं त्यानं रिकामी मडकी पाण्यावर उपडी सोडली. पाखरं मडक्यांना सरावली की डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं एक मडकं डोक्यात घालायचं, गळाभर पाण्यातून जायचं आणि खालून पाय धरायचे.

"साहेबांच्या कानावर घाल," मी म्हणालो.

"कावून? समदेच मडकी घेऊन उतरतील बे."

तिथंच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी तळ हलणार असल्याचा हुकूम आला आणि साहेबांचा धीर सुटला. जिवंत नाही तर मेलेला, पण पक्षी त्यांना हवाच होता. मी घोड्यांबरोबर पाण्यावर होतो. पलीकडच्या बांधावर साहेब गुडघा टेकून गोसाव्यावर रायफल रोखत होते. वाऱ्यानं सगळी मडकी पूर्वेला चालली होती. एकच मडकं वाऱ्याच्या उलट, थेट गोसाव्याकडे निघालं होतं.

हाक पोहोचली नसती. हुकुमाशिवाय कॉल देणं म्हणजे शिक्षा ठरलेली. मी ट्रंपेट उचललं आणि सीझ फायर, म्हणजे गोळीबार थांबवण्याचा कॉल, वाजवला.

साहेबांची रायफल खाली आली. गोसावी उडाला. मडक्यासकट धोंडिबा पाण्यात उभा राहिला आणि काठावर येऊन माझ्यावरच उखडला.

"पाय हाती आलता बे! कावून वाजवलं?"

मी बांधाकडे बोट केलं. साहेबांच्या हातातली रायफल पाहून त्यानं डोक्यावरचं मडकं उतरवलं.

साहेब घोडा दौडवत आले. चेहरा पांढराफटक. "छुट्टी मंजूर," ते धोंडिबाला म्हणाले. मग मला, "बिना हुक्म कॉल? एक हफ्ता स्टेबल गार्ड." जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती गार्ड मी मजेत केली.

पुढे लढाईत आम्ही इजिप्तला गेलो. तिथल्या खाऱ्या तळ्यांवर गोसाव्यांचे थवेच्या थवे उतरत. "आपल्याकडं वाट चुकून आलतं येक," धोंडिबा हसला. त्याच हिवाळ्यात तो गस्तीवर असताना गोळी लागून पडला. तिथल्याच कालव्याच्या काठी आम्ही त्याला अग्नी दिला.

परतल्यावर मी त्याच्या आईला भेटायला गेलो. मी कोण ते सांगितलं.

"तुमीच वाजवलतं व्हय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं त्यो संक्रांतीला घरी आलता. बसा, भाकरी टाकते."

भाकरी मोडताना मला रडू आवरेना. माऊलीनं ताटात आणखी एक वाढली.