सामनेवालीचं म्हणणं

दिवाळीला माहेरी आले, त्यानंतर मला न्यायला कोणी आलंच नाही. फोन केला की नवरा म्हणायचा, कामात आहे, बघू. मग एक दिवस संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरी कोर्टाची नोटीस आली. पप्पांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि खिशात घातली. मी मागून घेतली. नवऱ्यानं लग्न रद्द करून मागितलं होतं. अर्जदार तो, सामनेवाली मी. सामनेवालीत जन्मापासून शारीरिक दोष असून तो तिने व तिच्या वडिलांनी लपवून ठेवला, असं त्यात लिहिलं होतं.

दोष म्हणजे माझा डावा कान. जन्मापासूनचा नाही, लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात ऐकू येणं गेलं. चाकणच्या कंपनीत मी वायरींचे जोड तपासते. खराब निघालेला जोड लाल पेटीत टाकायचा असतो. त्या आठवड्यात माझा हात पेटीकडे जाईना. सुपरवायझरनं हटकलं, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत उभी राहिले.

लपवलं काहीच नव्हतं. थेरगावची ती मंडळी मला बघायला आली तेव्हा पप्पांनीच सांगितलं होतं, पोरीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, मागाहून बोल लागायला नको. सासूबाई हसल्या होत्या. बरंच आहे, माझी बडबड तिला निम्मीच ऐकू येईल, म्हणाल्या होत्या. हे ऐकायला दोन्ही घरची माणसं सोडली तर एकटे मामा होते. स्थळ त्यांनीच आणलं होतं.

आमच्या वकीलबाईंनी बचाव समजावून सांगितला. दोष आधीच सांगितला होता, हे दाखवता आलं तर फसवणूक उरत नाही; पण नुसत्या घरच्यांच्या शब्दावर भागणार नाही, त्याला मामांची साक्ष हवी. ती मिळाली नाही तर दुसरा मार्ग, दोष कळल्यावरही तो मला बायको म्हणून नांदवत होता, हे दाखवायचं.

आम्ही देहूरोडला मामांकडे गेलो. मामींनी चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. त्यांच्या मुलीचं लग्न माझ्या सासरच्याच नात्यात ठरलं होतं, हे आम्हाला तिथं कळलं. पप्पांनी हात जोडले. आईच्या पाठच्या भावासमोर त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"दाजी, मला तसं काही आठवत नाही," मामा म्हणाले.

मग दुसराच मार्ग राहिला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा मला चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. नस मेली आहे, इलाज नाही, हे त्यानं माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं. त्यानंतरही आमचा संसार चालू होता. वकीलबाईंनी पप्पांना चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाल्या, त्यानंतर तुमचे संबंध होते, हे लेखी म्हणण्यात स्पष्ट यायला हवं. टाइप करणारा माणूस समोर बसला होता. त्या विचारत गेल्या, मी टेबलाच्या कडेकडे बघत सांगत गेले. तो टाइप करत होता. त्या वेळी वाटलं, नको हे, होऊ दे रद्द.

कोर्टात उलटतपासणीला नवऱ्याचा वकील माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. वर पंखा खडखडत होता. एकदम सगळे माझ्याकडे बघताहेत असं दिसलं, तेव्हा मला कळलं की त्यानं काहीतरी विचारलं आहे.

"साक्षीदाराकडे उत्तर नाही," तो म्हणाला.

वकीलबाईंनी हरकत घेतली. जजसाहेबांनी त्याला समोर येऊन पुन्हा विचारायला लावलं. प्रश्न होता, तुम्ही स्वतः लग्नाआधी मुलाला हे सांगितलं होतं का? मला नाही म्हणावं लागलं. बघण्याच्या दिवशी नाव आणि शिक्षण सोडून मला कोणी काही बोलू दिलंच नव्हतं. पण ते कोणी विचारलं नाही.

नवऱ्याची पाळी आली. डॉक्टरकडे गेला होतात का, असं वकीलबाईंनी विचारलं, तेव्हा त्यानं आधी आपल्या वकिलाकडे पाहिलं.

"गेलो होतो."

त्यानंतर एकत्र राहिलात?

"दिवाळीपर्यंत."

त्याचा अर्ज फेटाळला गेला. दोष कळल्यावरही अर्जदारानं सामनेवालीला नांदवलं, त्यामुळे फसवणुकीची तक्रार टिकत नाही, असं निकालात आहे. दोष आहे की नाही, हा मुद्दाच नव्हता. पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्टाच्या पायऱ्यांवरच ते म्हणाले, आता त्यानं तुला नांदवावं म्हणून आपण दावा लावू.

"मला तिथं जायचं नाही, पप्पा."

"मग एवढं भांडलो कशासाठी?"

मी कागदांची पिशवी उचलली. ते पिंपरीच्या बसची चौकशी करायला गेले. नवऱ्याचा फोन अजून आलेला नाही. कायद्यानं मी त्याची बायको आहे.